माग, यंत्र आणि आपली मुले

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील विद्यार्थी-गौरव समारंभात इचलकरंजी येथे दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांस बक्षिसे वाटून झाल्यावर कोणी तरी दोन शब्द बोलावेत, अशी आपल्या मेळाव्याची जुनी रीत आहे. ते दोन शब्द बहुधा 'खूप शिका आणि मोठे व्हा' एवढेच असतात. त्यात वावगे काही नाही. परंतु शिकावे म्हणजे नेमके काय शिकावे, हा प्रश्न त्यामुळे जागच्या जागी राहतो. आज हाच प्रश्न घरोघर विचारला जात आहे आणि विचारणाऱ्यांच्या स्वरात काळजी आहे. यंत्राने हाताचे काम घेतले त्याला दोन शतके उलटून गेली. परंतु २०२२ सालच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी नावाचे साधन लोकांपुढे आले आणि तेव्हापासून यंत्र लेखणीचेही काम करू लागले आहे, हे आता सर्वांस ठाऊक झाले आहे. अर्ज लिहिणे, पत्राचे उत्तर देणे, इंग्रजीचे मराठी करणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, लुगड्याच्या काठाची नक्षी काढून देणे, ही कामे अशी साधने क्षणात करतात. बापाने मुलाला मागावरून उठवून शाळेत घातले ते त्याला टेबलाशी बसून काम मिळावे म्हणून. आता टेबलापाशीच यंत्र येऊन बसले, तर मुलाने जावे कोठे, असा हा पेच आहे.

कार्यकारी मंडळाने मला याच विषयावर बोलण्याची आज्ञा केली. मी यंत्रशास्त्र जाणणारा मनुष्य नव्हे. मुलांना वाचन आणि गणित शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तथापि हा विषय आपल्या ज्ञातीस परका नाही, किंबहुना आपल्याइतका तो दुसऱ्या कोणाच्याही परिचयाचा नसेल. देवांग ऋषींनी विष्णूच्या नाभिकमळातील तंतू आणून देवांना आणि मानवांना वस्त्र दिले, अशी आपल्या कुळाची कथा आपण श्रीचौंडेश्वरीच्या उत्सवात दरवर्षी ऐकतो. त्या कथेतल्या धंद्यावरच आधुनिक यंत्राचा पहिला मोठा घाव बसला. तेव्हा यंत्र आले म्हणजे काय होते, हे पाहण्यास आपल्याला दुसऱ्याच्या दारी जाण्याचे कारण नाही.

इंग्लंडात १७३३ साली जॉन के याने फेकधोट्याची युक्ती काढली. तोवर रुंद कापड विणण्यास धोटा या हातून त्या हाती द्यावा लागे. आता दोरी ओढली की धोटा आपोआप धावू लागला. कापड झपाट्याने निघू लागले आणि मागाला सूत पुरेना. म्हणून १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्ज याने अनेक चात्यांचे सूतकताईचे यंत्र केले. मग सूत उदंड झाले आणि विणकर अपुरे पडू लागले, तेव्हा १७८५ साली कार्टराइट याने यंत्रमागाचे हक्क घेतले. एका ठिकाणची अडचण काढली की ती पुढच्या ठिकाणी जाऊन बसते, हे आपण नीट लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे. ब्रिटनमध्ये १८१३ साली २,४०० च्या आसपास यंत्रमाग होते. १८३३ साली ते एक लाखावर गेले. याच काळात तेथील हातमागाच्या विणकरांची संख्या दोन लाखांवरून घसरत घसरत १८६० पर्यंत काही हजारांवर आली.

यंत्राने काही कामे जातात आणि नवी निर्माण होतात, असे आपल्याला नेहमी सांगण्यात येते. ते खरे आहे. परंतु ज्याचे काम गेले त्यालाच नवे काम मिळाले, असे मात्र इतिहासात क्वचितच आढळते. लँकेशायरचा चाळिशीतला विणकर रेल्वेत इंजिनचालक झाला नाही. तो निम्म्या मजुरीवर त्याच मागावर बसून राहिला. जे झाले ते दुसऱ्यांचे मुलगे, आणि तेही वीस-तीस वर्षांनी. १८११ साली नॉटिंगहॅमकडे ज्यांनी यंत्रे फोडली, त्यांना लोक अडाणी समजतात. वस्तुतः ते कसबी कारागीर होते. यंत्र नको, यापेक्षा यंत्राच्या आडून मजुरी पाडू नका आणि शिकाऊ पोरांकडून निकृष्ट माल काढून घेऊ नका, हे त्यांचे गाऱ्हाणे अधिक होते. सरकारने १८१२ साली यंत्र फोडण्यास फाशीची शिक्षा ठरविली. त्या कायद्याविरुद्ध लॉर्डांच्या सभागृहात जे थोडे लोक बोलले, त्यांत कवी बायरन हा एक होता आणि ते त्याचे त्या सभागृहातील पहिले भाषण होते.

आपल्याकडचा क्रम असाच आहे, केवळ साले पुढची आहेत. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत ताडदेवला सूतगिरणीची कंपनी काढली. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी आपल्या या गावी पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा अशा उद्योगांस आश्रय होता. त्या एका मागातून हे सारे गाव उभे राहिले. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. त्याच्या कारणांत, एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत ही मालकांची योजना हे एक प्रमुख कारण होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप तर आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती आणि त्यांपैकी असंख्यांना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकावयास मिळाला नाही. हातमागाची गोष्ट सांगावयाची तर सरकारी गणनेत २००९-१० साली देशात हातमाग कामगार ४३.३१ लाख होते, ते २०१९-२० च्या गणनेत ३५.२२ लाख भरले.

हे सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. यंत्राने विणकराकडून एकेक गोष्ट कोणत्या क्रमाने घेतली, ते मला विद्यार्थ्यांपुढे मांडावयाचे आहे, कारण आज कारकून, चित्रकार, हिशेबनीस यांच्याकडून यंत्र जे घेत आहे, ते त्याच क्रमाने घेत आहे.

प्रथम त्याने हात घेतला. धोटा फेकणे, फणी ठोकणे, कापड गुंडाळणे ही हातापायांची कामे होती. ती दट्ट्याला आणि पट्ट्याला जोडता आली. त्यानंतर त्याने स्मरण घेतले. नक्षीच्या विणकामात कोणत्या वेळी कोणते उभे धागे उचलावयाचे, हे जुन्या काळी कारागिराच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोराच्या ध्यानात असे. फ्रान्समध्ये लिओं येथे जाकार्ड याने १८०४ साली ते सारे पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छिद्रांच्या रूपाने उतरविले. छिद्र असेल तेथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. नसेल तेथे तो खाली राहतो. आपल्या काठापदराच्या मागांवरचे जाकार्ड ते हेच. पुढे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पत्त्यांची कल्पना उचलली, आणि अमेरिकेची १८९० सालची खानेसुमारी हर्मन हॉलरिथ याने छिद्रांच्या पत्त्यांवरच मोजून दिली. तेथून पुढे संगणकाचा वंश वाढला. १९८३ साली पत्त्यांवाचून विजेवर चालणारे जाकार्ड निघाले आणि नक्षी पुन्हा संगणकातून मागावर आली. आपली मुले ज्याच्यापुढे हात जोडून उभी राहतात, त्या संगणकाचे आजोळ अशा रीतीने विणकराच्या घरी आहे. हे त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

हात आणि स्मरण यांच्यामागून डोळा गेला. साध्या यंत्रमागावर उभा धागा तुटला तर तो विणकराच्या दृष्टीस पडावा लागतो, आणि पडला नाही तर कापडात लांबच लांब रेघ येते. म्हणून एक माणूस चार-सहा मागांपेक्षा अधिक सांभाळू शकत नाही. जपानात साकिची तोयोदा याने १९२४ साली असा माग पुरा केला की जो चालता चालता स्वतःच धोटा बदलील आणि धागा तुटताच आपण होऊन थांबेल. या मागाचे हक्क प्लॅट ब्रदर्स या इंग्रज कंपनीने १९२९ साली विकत घेतले; पुढे याच घराण्याने मोटारींचा कारखाना काढला आणि ते नाव आज आपल्या रस्त्यांवर धावते. आपल्याकडील रॅपिअर आणि एअरजेट मागांवर प्रत्येक उभ्या धाग्यावर पोलादाची पातळ पत्री लटकत असते. धागा तुटला की पत्री खाली पडते, विजेचे मंडल जुळते आणि माग थांबतो. डोळ्याचे काम त्या पत्रीने केले.

मग शिल्लक काय उरले? धागा तुटला हे पत्रीला कळते. तो का तुटला, हे कळत नाही. सूत कच्चे आहे, की खळ कमी बसली, की खात्यातली हवा कोरडी झाली, की फणीचा एखादा दात खरचटतो आहे, हे शोधणारा मनुष्य लागतो आणि त्याला पगार चांगला मिळतो. आज जॉबर मिळत नाही म्हणून कारखानदार हळहळतात, आणि त्याच पेठेत पदवीधर मुले रिकामी बसतात, हे आपण सर्वजण पाहतो.

येथे एका गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो, कारण ती सभेत कोणी बोलत नाही. एअरजेट आणि रॅपिअर मागांना धोटा नाही. धोटा नाही म्हणून कांडी नाही. आडवा धागा सरळ कोनावरून जातो. आपल्या घरोघरी ज्या स्त्रियांनी कांड्या भरून संसार चालविले, मुलांच्या शाळेची फी भरली, त्यांचे काम अशा कारखान्यातून एका दिवसात नाहीसे झाले. विणकराच्या मजुरीवर मोर्चे निघाले, पिकाच्या दरावर वाटाघाटी झाल्या आणि ते योग्यच होते; कांडीवालीसाठी मात्र कोणी मोर्चा काढल्याचे मला स्मरत नाही. आपण सर्व समोरच्या दारावर पहारा ठेवून बसतो आणि यंत्र मागच्या दाराने घरात येते. म्हणून आपल्या मुलामुलींनी विचार करताना 'माझा धंदा जाईल का' एवढेच विचारू नये; 'माझे काम कोणत्या दुसऱ्या कामावर अवलंबून आहे' हेही विचारावे.

आता खळीची गोष्ट. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकतो. एअरजेट माग आडवा धागा सहाशे ते हजार वेळा टाकतो. जुन्या मागावर खळ जरा कमीजास्त झाली, चार धागे तुटले, तर विणकर गाठी मारून निभावून नेत असे. नव्या मागावर तेच सूत लावले तर तो सारखा थांबतो आणि कर्जाने घेतलेल्या मागाचा हप्ता अंगावर येतो. माग जितका वेगवान तितकी आधीची तयारी, म्हणजे वार्पिंग आणि सायझिंग, अधिक काटेकोर हवी. आरंभी सांगितले ते हेच की अडचण पुढच्या किंवा मागच्या ठिकाणी जाऊन बसते. म्हणूनच जे सायझिंग पूर्वी अनुभवाच्या हाताने होई, तेथे आता उष्णतामान, खळीचा घट्टपणा आणि धाग्यातील ओलावा मोजणारी शिकलेली माणसे लागतात.

माझ्या मते विद्यार्थ्याचेही असेच आहे. साधने मंद होती तेव्हा कच्चे वाचन आणि कच्चे गणित निभावून जात असे. साधने वेगवान झाली म्हणून पायाचे शिक्षण अनावश्यक झाले, असे समजणे म्हणजे माग हजार फेऱ्यांचा घेतला म्हणून ताण्याला खळ नको असे म्हणण्यासारखे आहे.

माझ्या तरुणपणी गावोगाव टंकलेखनाचे वर्ग होते. मुलगा मॅट्रिक झाला की त्याला तेथे घालावयाचे, चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र मिळाले की तो मार्गी लागला, असा आपला हिशेब असे. गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी टंकलेखनयंत्र बाजारात आणले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबविले. चोपन्न वर्षांचे ते आयुष्य. या काळात टंकलेखन शिकलेल्यांचे दोन वर्ग झाले. ज्यांनी केवळ बोटे शिकविली, ते यंत्राबरोबर मागे पडले. ज्यांना टंकित करता करता कचेरीचे पत्र कसे लिहावे, नस्ती कशी ठेवावी, साहेबाच्या मसुद्यातील चूक कशी दाखवावी, हे कळले, ते संगणकावर सहज गेले आणि पुढे त्यांनीच नव्या मुलांना शिकविले.

आज टंकलेखनाच्या वर्गाची जागा 'तीन महिन्यांत संगणकतज्ज्ञ' करणाऱ्या वर्गांनी घेतली आहे. अशाच एका वर्गाने आपल्या ज्ञातीतील एका विधवा भगिनीकडून मुलाच्या फीपोटी मोठी रक्कम घेतली, नोकरीची हमी दिली आणि शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र हाती ठेवले. वर्गाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तसे पुष्कळ आहेत. त्या मुलाला मी विचारले, काय शिकलास? त्याने एका विशिष्ट साधनाच्या खिडक्या आणि बटणे यांची नावे सांगितली. वर्ग संपण्यापूर्वीच त्या साधनाची नवी आवृत्ती आली होती आणि बटणे हलली होती.

गणिताविषयी थोडे सविस्तर बोलतो. त्याबद्दल क्षमा असावी, शिक्षकाची खोड जात नाही. चाळीस नंबरचे सूत म्हणजे काय, हे आपल्या मुलांपैकी किती जण सांगतील? एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. म्हणजे चाळीस नंबरच्या एका पौंडात ८४० गुणिले ४०, अर्थात ३३,६०० वार सूत. आता साठ इंच पन्ह्याचे कापड आहे आणि इंचाला साठ आडवे धागे आहेत. एका इंच कापडाला साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० इंच, म्हणजेच शंभर वार बाणा लागला. एका वाराला छत्तीसपट, ३,६०० वार. तेव्हा एका पौंडात नऊ वार आणि वर थोडे, एवढे कापड निघेल; घट आणि सुताचा वळसा वेगळा धरावा. आपल्या आजोबांच्या पिढीतील कितीतरी निरक्षर माणसे हा हिशेब तोंडी करीत.

आज हे उदाहरण मोबाइलला विचारले तर तो उत्तर देईल आणि बहुधा बरोबरच देईल. परंतु विचारताना मुलाने वार आणि मीटर यांत घोटाळा केला, शून्य एक अधिक टाकले आणि उत्तर नव्वद वार आले, तर ते चूक आहे हे कोण ओळखील? ज्याने एकदा तरी पाटीवर ते केले आहे आणि ज्याच्या मनात 'पौंडाला साधारण नऊ-दहा वार' असा अंदाज पक्का आहे, तोच ओळखील. दुसरा नव्वद वारांवर सौदा करून येईल. अंदाज हा गणिताचा आत्मा आहे, आणि आपल्या शाळांतून तोच सर्वांत कमी शिकविला जातो. आम्ही शिक्षकांनी उत्तराखाली दोन रेघा ओढावयास शिकविले. उत्तर शक्य कोटीतले आहे का, हे विचारावयास शिकविले नाही, असे या व्यवसायाविषयी खेदाने म्हणावे लागते.

ही केवळ म्हाताऱ्याची कुरकुर आहे, असे कोणी म्हणू नये. प्रथम या संस्थेने 'असर' नावाने २०२३ साली देशातील ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. त्यांपैकी चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा स्वतःच्या भाषेत सुरळीत वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे केवळ ४३.३ टक्क्यांना जमले. आणि याच मुलांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. साधन हाती आहे, वापरता येते, पण भागाकार येत नाही, अशी ही स्थिती. पाहणी ग्रामीण भागाची होती खरी, पण आमच्या पेठेतील मुले तपासली तर चित्र फार निराळे दिसेल, असे मला वाटत नाही.

भाषेबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोणतेही यंत्र चालविण्यास आजवर कळ दाबावी लागे किंवा संगणकाची सांकेतिक भाषा शिकावी लागे. या नव्या यंत्रांना माणसाच्या भाषेत सांगावे लागते, आणि त्यांना मराठीही समजते. वरवर पाहता हे सोपे झाले. पण 'माग नीट चालत नाही' एवढेच ज्याला सांगता येते, त्याला यंत्र काय उत्तर देणार? 'डाव्या किनारीकडचे धागे दर दोन-तीन मीटरला तुटतात, बीम बदलल्यापासून हे होते, मधले धागे तुटत नाहीत' असे ज्याला सांगता येते, त्याला यंत्रही मदत करील आणि शेजारचा जॉबरही. नेमके पाहणे, पाहिलेले क्रमाने सांगणे, आणि उत्तर आल्यावर त्यातले कोणते पटते आणि कोणते नाही हे ठरविणे, याला आपण आजवर निबंधाचा आणि व्याकरणाचा तास म्हणून हिणवीत आलो. तोच आता धंद्याचा विषय झाला आहे. ज्या घरी मुलाला धड मराठी नाही आणि धड इंग्रजीही नाही, अशा घरांची मला फार चिंता वाटते. इंग्रजी अवश्य यावी. परदेशी मागांची माहितीपुस्तके इंग्रजीतच असतात. परंतु एक भाषा तरी तळापासून आल्यावाचून दुसरी येत नाही, हा माझा अनुभव आहे.

ज्ञातीत दोन टोकांची मते ऐकू येतात. काही ज्येष्ठ म्हणतात, वाडवडिलांचा धंदा सोडू नका. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण धंदा टिकवावा म्हणजे वाडवडिलांच्याच हालचाली टिकवाव्यात, असा त्याचा अर्थ नसावा. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि हाताच्या कसबाला मोल देणारे गिऱ्हाईक आजही आहे, हे खरे. तथापि त्या वाटेने मोजकीच घरे जाऊ शकतील. दुसरे मत तरुण पालकांचे : मागाचे नाव नको, मुलगा संगणक अभियंताच झाला पाहिजे. यांत हुशार मुलांचे कल्याण होईल, बाकीच्यांचे काय? आणि संगणकाची साधी सांकेतिक भाषा लिहिण्याचे काम तर ही यंत्रे आताच करू लागली आहेत. ज्या खोलीला आग लागली तिच्यातच सर्व मुलांना पाठविण्याची घाई कशासाठी?

आता आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीविषयी, कारण बोलण्याचे प्रयोजन तेच आहे. यंदा निधीकडे आलेल्या अर्जांपैकी बहुतेक अर्ज अशाच प्रमाणपत्री वर्गांच्या फीसाठी आहेत. कार्यकारी मंडळातील काही सभासद ते सरसकट मंजूर करावेत, अशा मताचे आहेत. मुलांना नाही कसे म्हणावे, अशी त्यांची भावना आहे. माझे मत स्पष्ट आहे की ते करू नये. हा पैसा कांड्या भरणाऱ्या आणि माग चालविणाऱ्या हातांनी रुपया-रुपया देऊन साठविला आहे. तो प्रथम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आणि पदविकेस जाणाऱ्या मुलामुलींना द्यावा. वीजतंत्री, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रदुरुस्ती, वस्त्रोद्योग हे विषय घेणाऱ्यास फीबरोबर हत्यारांची पेटीही द्यावी. मुलींच्या अर्जांना अग्रक्रम द्यावा. कांडीचे काम ज्यांच्या आईच्या हातून गेले, त्यांना सायझिंगच्या प्रयोगशाळेत किंवा नक्षीच्या संगणकावर जागा मिळणे हे माझ्या दृष्टीने दयेचे नसून हिशेबाचे काम आहे. संगणकाच्या वर्गाला मदत द्यावयाचीच असेल, तर अर्जदाराने आधी एक इयत्ता आठवीचे गणित आणि एक पानभर मराठी आमच्यासमोर लिहून दाखवावे. ही अट काहींना अपमानास्पद वाटेल. हरकत नाही, ज्यांना जमणार नाही त्यांना आम्ही शिकवू.

त्यासाठी दर रविवारी सकाळी आठ ते दहा ज्ञातीच्या सभागृहामागील खोलीत वाचन आणि गणिताचा वर्ग सुरू करण्याचे आम्ही चार निवृत्त शिक्षकांनी ठरविले आहे. फी नाही. मोबाइल आणण्यास मज्जाव नाही. उलट तो आणावा, कारण त्याने दिलेली उत्तरे तपासणे हा वर्गाचाच एक भाग राहील. खोलीत चार बाके आहेत, आणखी सहा लागतील. दहावी झालेल्या मोठ्या मुलांपैकी दोघे-तिघे लहानांना वाचून दाखविण्यास येतील तर बरे.

शेवटी कारखानदार बंधूंस एक विनंती. नवे माग घेताना आपण जुने साधे माग भंगारात घालता, किलोच्या भावाने ते जातात. त्यांपैकी एक चालू स्थितीतला माग आम्हास द्यावा. तो मागच्या पडवीत बसवू. मुलांनी तो सुटा करावयाचा, प्रत्येक भाग काय करतो ते वहीत लिहावयाचे आणि पुन्हा जोडून कापड काढावयाचे, असा बेत आहे. वाहतुकीचा खर्च निधीतून करण्यास मंडळाची संमती मिळाली आहे. ज्यांना द्यावयाचा असेल त्यांनी आज जेवणापूर्वी चिटणिसांकडे नाव नोंदवावे. दोघांनी दिले तर दुसरा मुलींच्या गटासाठी ठेवू.